गावाकडचे खेळ, शेतशिवार आणि जुने दूरदर्शन: त्या कार्यक्रमांत नेमके काय होते?

माळावरची_वाट (प्रश्न)

सर्वांना नमस्कार.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरील मनोऱ्यामुळे ते पुण्याकडच्या भागात दिसू लागले. माझ्या पिढीने ‘आमची माती, आमची माणसं’ हा कार्यक्रम त्या काळापासून संध्याकाळी पाहिला आणि तो पाहण्यासाठी आपण शेतकरी असले पाहिजे, असे आमच्यापैकी कुणालाही वाटले नाही. चाळीत राहणारी माणसेही मोसंबीच्या बागेतील डिंक्या रोगाची माहिती शेवटपर्यंत ऐकत असत.

आज परिस्थिती उलट आहे. कुस्तीची मैदाने, बैलगाडा शर्यती, यात्रा, जनावरांचे बाजार हे सारे मोबाइलवर तासन्‌तास थेट दिसते, आणि चित्र तर त्या काळाच्या कितीतरी पट स्पष्ट असते. मी ते आवडीने पाहतो. तरीही पाहून झाल्यावर त्या पैलवानाबद्दल, त्या बैलाबद्दल किंवा ती माती तयार करणाऱ्या माणसाबद्दल मला नवे काही कळलेले नसते. याउलट त्या जुन्या, करड्या, कधी कधी मुंग्या आलेल्या चित्रातून ऐकलेल्या गोष्टी मला आजही आठवतात आणि उपयोगीही पडतात.

माझा प्रश्न असा आहे की, हा केवळ वयाबरोबर येणारा स्मरणाचा ओढा आहे, की त्या कार्यक्रमांच्या घडणीतच असे काही होते जे आज हरवले आहे? तसे असेल तर ते नेमके काय होते, हे ज्यांनी ते कार्यक्रम लक्षपूर्वक पाहिले त्यांच्याकडून समजून घ्यायचे आहे.

शिवारफेरी

माझ्या मते घडणीतच काही होते आणि त्याची मुळे दूरदर्शनच्याही आधीची आहेत. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत रेडिओ शेतकरी मंडळांचा प्रयोग केला होता. गावातील पंधरा-वीस माणसे आठवड्यातून दोनदा रेडिओभोवती बसत, अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकत, त्यावर आपसांत चर्चा करत आणि आपले प्रश्न लिहून केंद्राकडे पाठवत. पुढच्या एखाद्या कार्यक्रमात त्या प्रश्नांची उत्तरे दिली जात. ऐकणारा माणूस बोलणाराही आहे, हे गृहीत धरूनच तो प्रयोग रचला होता. पुढे २६ जानेवारी १९६७ रोजी दिल्लीच्या आसपासच्या ८० गावांसाठी ‘कृषी दर्शन’ सुरू झाले, तेव्हाही संच सामुदायिक होते आणि पाहणे हे गावाने एकत्र बसून करायचे काम होते.

‘आमची माती’ने यात भर घातली ती संवादाची. त्यातला ‘गप्पागोष्टी’ हा भाग ज्यांना आठवत असेल त्यांच्या डोळ्यांपुढे राजा मयेकर आणि माया गुजर लगेच उभे राहतील. गावातील चार माणसे बोलत बसली आहेत, एक अडाणीपणाचा प्रश्न विचारतो, दुसरी त्याला टोकते, तिसरा वेगळाच अनुभव सांगतो आणि त्या ओघात बियाण्यावर औषध चोळण्याची पद्धत कधी सांगून झाली हे कळतही नसे. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली ही चारही कृषी विद्यापीठे १९६८ ते १९७२ या काळात उभी राहिली होती. तेथील संशोधन बांधापर्यंत कसे न्यायचे, हा त्या दिवसांतला खरा प्रश्न होता, आणि तज्ज्ञाचे भाषण लांबत गेले की माणूस उठून जातो हे त्या निर्मात्यांना उमगले होते.

वाहिनी एकच होती, हेही मान्य केले पाहिजे. दुसरा पर्याय नसल्यामुळे शहरातला माणूस शेतीचा कार्यक्रम पाहत होता. पण पर्याय नाही म्हणून बसलेला माणूस वीस मिनिटांनी त्यात रमत होता, याचे श्रेय मात्र कार्यक्रमालाच द्यावे लागेल.

साउदॅम्प्टनकर

मी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर राहायला आलो. आपल्या प्रश्नाचे उत्तर मला येथील एका कार्यक्रमात सापडले, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

साउदर्न टेलिव्हिजन या प्रादेशिक वाहिनीवर ‘आउट ऑफ टाउन’ नावाचा कार्यक्रम असे आणि जॅक हारग्रीव्ह्ज नावाचे गृहस्थ तो सादर करत. १९६० च्या सुमारास सुरू झालेला हा कार्यक्रम वाहिनीचा परवाना गेल्यामुळे १९८१ साली थांबला. गळ टाकून मासे धरणे, बंदुकीबरोबर काम करणारी कुत्री, घोड्याचे सामान, कुडाचे ताटवे विणणारे कारागीर, जुनी अवजारे असे त्याचे विषय होते. हारग्रीव्ह्ज एका खोपटात पाइप ओढत बसलेले दिसत. ते खोपटे खरे तर स्टुडिओतील नेपथ्य होते. स्टॅन ब्रेहॉट या छायाचित्रकाराने बाहेर जाऊन केलेले चित्रीकरण बहुतेक मूकच असे आणि हारग्रीव्ह्ज ते पडद्यावर चालू असताना, हाती संहिता न घेता, त्यावर बोलत असत. ज्या माणसाला विषय हाताने ठाऊक आहे तोच असे बोलू शकतो. एखादी गाठ मारताना दोरी कोणत्या बोटावरून न्यायची, हे सांगत असतानाच ते थांबत आणि तुम्हाला ती गाठ पुरेसा वेळ पाहू देत. मला आजही असे वाटते की, त्या कार्यक्रमाचे सारे सामर्थ्य या थांबण्यात होते.

दुसरे उदाहरण बीबीसीच्या ‘वन मॅन अँड हिज डॉग’चे. १९७६ साली सुरू झालेल्या या कार्यक्रमात मेंढपाळ आणि त्यांची कुत्री यांच्या स्पर्धा दाखवत. फिल ड्रॅबल सूत्रधार होते आणि स्वतः जाणकार असलेले एरिक हॉल्सल समालोचन करत. डोंगरउतारावर एक माणूस शिट्टी वाजवतो, दूरवर कुत्रे वळते आणि पाच-सहा मेंढ्या फाटकातून वाड्यात जातात, एवढेच त्यात घडे. आणि तरीही ऐन भरात असताना तो ऐंशी लाखांच्या घरात प्रेक्षक पाहत असत. ब्रिटनमधील अशा स्पर्धांची पहिली नोंद वेल्समधील बाला या गावी १८७३ सालची आहे. तो खेळ मेंढपाळाच्या रोजच्या कामातून जन्मला, म्हणून समालोचकाला खेळाबरोबर कामही समजावून सांगावे लागे: कुत्र्याने मेंढ्यांपासून किती अंतर राखावे, कळपातील कोणती मेंढी आधी बुजते आणि ती बुजली तर बाकीच्यांचे काय होते. सातारा-सांगलीकडच्या धनगर मंडळींनी हा कार्यक्रम पाहिला असता तर भाषा न कळताही त्यांनी चुका ओळखल्या असत्या.

‘आउट ऑफ टाउन’चे मूळ भाग फारसे उरलेले नाहीत. चित्रफिती महाग असल्याने त्यांच्यावर पुन्हा चित्रीकरण करण्याची रीत तेव्हा जगभर होती. येथे निदान ब्रेहॉट यांच्या मूक फिल्मचा बराच भाग वाचला; पण बोलणे हरवले की उरलेल्या चित्राला अर्थ देणे किती अवघड होते, ते त्या फिल्म पाहताना फार जाणवते.

लाल_माती

वरील प्रश्न आणि दोन्ही प्रतिसाद मी आदराने वाचले, तरी एका मुद्द्यावर माझा स्पष्ट मतभेद आहे. दूरदर्शनच्या काळाबद्दल आपण सारे हळवेपणाने बोलतो, पण गावच्या यात्रेतल्या मैदानाला त्या दूरदर्शनवर जागा किती होती? खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवले, श्रीपती खंचनाळे १९५९ साली हिंदकेसरी झाले, गणपतराव आंदळकर आणि मारुती माने यांनी १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत पदके आणली. महाराष्ट्रातील कुस्तीचा हा वैभवाचा काळ मुंबईत दूरदर्शन येण्याच्या आधीच होऊन गेला होता. त्यानंतरच्या कुस्त्याही माझ्या भागातील लोकांनी कोल्हापूरच्या खासबाग मैदानात बसून पाहिल्या किंवा दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात वाचल्या. आज एखाद्या लहान गावच्या यात्रेतील शंभर रुपयांची कुस्तीसुद्धा दुबईत काम करणारा त्याच गावचा मुलगा पाहू शकतो, ही गोष्ट मी मोठी मानतो.

बैलगाड्यांचेही तसेच. ७ मे २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती बंद झाल्या, १६ डिसेंबर २०२१ रोजी त्यांना अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा कायदा ग्राह्य ठरवला. मधल्या सात-साडेसात वर्षांत शर्यतीचे बैल सांभाळणारी घरे कशी तगली, पुणे जिल्ह्यातील घाटातला गाडा आणि सांगलीकडचा छकडा यांत फरक काय, विदर्भातला शंकरपट कसा वेगळा, हे सारे मी मोबाइलवर चित्रीकरण करणाऱ्या पोरांमुळेच पाहिले. त्यांना कुणी मानधन दिले नव्हते.

एवढे सांगून झाल्यावर आपल्या मूळ तक्रारीत तथ्य आहे हे मी मान्य करतो, कारण उणीव कुठे आहे ते मैदानात बसणाऱ्याला कळते. कुस्ती चालू असते, हलगी कडाडत असते, निवेदक इनामाची रक्कम आणि देणगीदारांची नावे सांगत असतो आणि तेवढ्यात एक पैलवान घिस्सा हा डाव मारून कुस्ती निकाली करतो. पाहणाऱ्याला पाठ टेकलेली दिसते. पण त्याआधी दोन मिनिटे तो प्रतिस्पर्ध्याचा हात कशासाठी ओढत होता, मानेवर वजन का टाकत होता, हे कुणी सांगत नाही. शंकरराव पुजारी यांचे निवेदन ज्यांनी ऐकले आहे त्यांना मी काय म्हणतो ते समजेल. पैलवान कोणत्या तालमीचा, त्याचा वस्ताद कोण, त्या वस्तादाचा हुकमी डाव कोणता, हे ते अशा ओघात सांगत की डोळे मिटूनही कुस्ती दिसावी. महाराष्ट्र केसरीत माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता समोरासमोर येतात, तेव्हा मातीतल्या पैलवानाची पकड गादीवर का बदलते, हा एक मुद्दा जरी समजावून सांगितला तरी नवा प्रेक्षक त्या लढतीत कितीतरी अधिक पाहील.

म्हणून मी दोष यंत्राला किंवा काळाला देणार नाही. आज कॅमेरा मैदानात आहे, पण वस्तादापुढे ध्वनिक्षेपक नाही.

जात्यावरची_ओवी

या चर्चेत आतापर्यंत पैलवान, गाडामालक, मेंढपाळ आणि तज्ज्ञ आले. बायका फक्त ‘गप्पागोष्टी’त टोकण्यापुरत्या आल्या, म्हणून लिहिते.

मलाही ते जुने कार्यक्रम प्रिय आहेत. तरी खेडे म्हणजे बाप्यांचे शिवार आणि बायकांची चूल, अशी त्यांची विभागणी असे, हे सांगितले पाहिजे. पेरणी, खुरपणी, कापणी, मळणी यांतले निम्म्याहून अधिक काम करणारी बाई पडद्यावर प्रश्न विचारताना क्वचितच दिसे. खेळांचेही तसेच: नागपंचमीचे झोके, पंचमीच्या आदल्या रात्रीची फेराची गाणी, झिम्मा, बसफुगडी, पिंगा हे सणाचे कार्यक्रम म्हणून दाखवले जात, पण त्यांत दम, तोल आणि जोडीचा अंदाज लागतो, एक हात सुटला तर समोरची कशी आणि कुठे पडेल हे ठाऊक असावे लागते, अशा अंगाने त्यांच्याकडे पाहिलेले मला आठवत नाही.

हे काम दूरदर्शनच्या बाहेर झाले. गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि त्यांतील कित्येक ध्वनिमुद्रित केल्या. त्या आता ‘परी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर गाणारीच्या नावासह, गावासह आणि तिच्या छायाचित्रासह ऐकता येतात. साउदॅम्प्टनकर यांनी चित्र उरून आवाज हरवल्याची गोष्ट सांगितली. येथे आवाज आणि नाव दोन्ही जपले गेले, कारण संकलन करणाऱ्यांनी त्या बाईला माहीतगार मानले, तिच्या ओवीचा अर्थ तिलाच विचारला आणि तो लिहून घेतला.

माळावरची_वाट

आपणा सर्वांचे मनापासून आभार. मी प्रश्न विचारताना ‘काय हरवले’ असे म्हणालो होतो. आता मला दिसते की काही गोष्टी हरवल्या, काही दूरदर्शनवर कधीच पुरेशा आल्या नव्हत्या, आणि लाल_माती म्हणतात त्याप्रमाणे काही आजच प्रथम दिसू लागल्या आहेत. ज्याला विषय हाताने ठाऊक आहे त्याने दाखवता दाखवता बोलावे आणि पाहणाऱ्याला वेळ द्यावा, ही शिवारफेरी आणि साउदॅम्प्टनकर यांच्या उदाहरणांतील समान गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

आमच्या गावच्या यात्रेचे मैदान माघात असते आणि त्याचे चित्रीकरण करणारी मुले ओळखीची आहेत. पुढच्या मैदानाच्या आदल्या दिवशी, हौद्यातील माती उकरून तीत ताक, तेल, हळद आणि लिंबू मिसळण्याचे काम चालू असते तेव्हा, त्यांना घेऊन मी तालमीत जाणार आहे. तेथील वृद्ध वस्तादांना शांतपणे बोलू द्यायचे, मध्ये संगीत घालायचे नाही आणि प्रत्येक डाव दोन पैलवानांकडून आधी सावकाश व मग वेगाने करून घ्यायचा, एवढे आम्ही ठरवले आहे. जात्यावरची_ओवी यांना माझी विनंती आहे की, पंचमीच्या खेळांसाठी बायकांना कोणते प्रश्न विचारावेत, याची त्यांनी येथेच एक नोंद लिहावी. ते चित्रीकरण आमच्या घरातील आणि शेजारच्या मुली करतील.