यो ला टेंगो: एकही हिट नाही, तरी चाळीस वर्षं कशी चालली?

आडताल (पुणे)
‘बेटर कॉल सॉल’ मालिका संपल्यावर तिच्यातल्या बॉब ओडेनकर्कचं जुनं काम शोधत बसलो होतो, त्यात ‘यो ला टेंगो’ या अमेरिकन रॉक बँडच्या ‘शुगरक्यूब’ गाण्याचा व्हिडिओ हाती लागला, १९९७चा. कंपनीवाला बँडला झापतो आणि थेट रॉक शिकवणाऱ्या शाळेत धाडतो. हसून पुरेवाट! पण मग गाणंच डोक्यात बसलं. हे लोक १९८४पासून वाजवतायत म्हणे. गाजलेलं गाणं नाही, भांडणं नाहीत, ‘शेवटचा दौरा’ म्हणून तिकिटं खपवणंही नाही. मग यांचं भागतं कसं? आणि एवढ्या अल्बममधून सुरुवात कुठून करू? ‘सगळंच भारी आहे’ असलं उत्तर नको.

पाथवाला (जर्सी सिटी)
न्यू जर्सीतलं होबोकेन हे त्यांचं गाव, माझ्याकडून पाथ ट्रेनने अगदी जवळ. तेव्हा थोडं तरी बोलायचा हक्क आहे मला.

आयरा कॅप्लन आणि जॉर्जिया हबली हे नवरा-बायको. तो गिटारवर, ती ड्रम्सवर, गातात दोघंही. आयरा आधी संगीतावर लिहायचा आणि इथल्या मॅक्सवेल्स क्लबमध्ये साउंड सांभाळायचा. बाकीचे बँड कुठे माती खातात ते कन्सोलमागे उभं राहून बघून झालेलं! पहिली काही वर्षं बेसवाले येत-जात राहिले. मग जेम्स मॅकन्यू आला, तो आजतागायत आहे. १९९३ला मॅटाडोर या रेकॉर्ड कंपनीकडून ‘पेनफुल’ हा अल्बम आला, आणि तेव्हापासून माणसंही तीच, कंपनीही तीच. मला विचारशील तर निम्मं उत्तर इथेच आहे. वाटेकरी तीनच, आणि स्टेडियम भरायची हौस नाही. शिवाय ‘जूनबग’, ‘ओल्ड जॉय’ अशा छोट्या सिनेमांना संगीत देतात.

उरलेलं निम्मं म्हणजे माणसं धरून ठेवणं. डब्ल्यूएफएमयू हे आमच्याकडचं श्रोत्यांच्या देणग्यांवर चालणारं रेडिओ स्टेशन. त्याच्या निधीसाठी हे स्टुडिओत बसायचे. पैसे देणाऱ्याने कुठलंही गाणं सांगायचं आणि यांनी तालमीशिवाय तिथल्या तिथे वाजवायचं. शब्द विसरतात, सूर चुकतात, तरी रेटून नेतात. त्या गोंधळाची सीडीही काढली २००६ला, नावातच कबुली की आम्ही अभिजात गाण्यांचा खून करतोय.

सुरुवात ‘पेनफुल’पासूनच कर. त्यात ‘बिग डे कमिंग’ दोनदा येतं. आधी नुसता ऑर्गन आणि पुटपुटल्यासारखा आवाज. शेवटाकडे तेच गाणं गिटारच्या कल्लोळात. एकच चीज विलंबितात आणि मग द्रुतात ऐकावी तसं, फक्त इथे लय नाही, दणका वाढतो.

तिहाई_नाशिक
मी स्वतः ड्रम्स वाजवतो. २०००चा अल्बम लावला आणि डुलकी लागली. गातायत की शेजारच्या खोलीत कुजबुजतायत? शेवटचं गाणं सतरा मिनिटांचं! ‘द ओनियन’ या विनोदी बातम्यांच्या पेपरने २००२मध्ये यांच्यावर खोटी बातमी केली होती ना, मैफलीत दुर्घटना होऊन रेकॉर्डच्या दुकानातले ३७ विक्रेते गेल्याची भीती. श्रोते कोण ते बरोबर पकडलंय.

पाथवाला (जर्सी सिटी)
ती बातमी आम्हीच एकमेकांना पाठवत असतो. पण ड्रमर असून जॉर्जियाकडे कान नाही दिलास राव? ती किती कमी वाजवते ते ऐक. कुठेही हात दाखवायची घाई नाही, आणि तरी त्या सतरा मिनिटांत ठेका एकदाही सैल पडत नाही. त्याच अल्बममध्ये ‘चेरी चॅपस्टिक’ आहे, त्यावर डुलकी काढून दाखव.

आणि म्हातारपणी मऊ झालेत असं वाटत असेल तर २०२३चा ‘धिस स्टुपिड वर्ल्ड’ लाव. बाहेरचा निर्माता न घेता तिघांनीच केलाय. पहिलंच गाणं सात मिनिटांच्या वर, बेस आणि ड्रम्स एका जागी ठाण मांडून आणि वर आयराची गिटार किंचाळतेय. गाण्याच्या नावातला सिनाट्रा ड्राइव्ह हा हडसनकाठचा होबोकेनमधलाच रस्ता.

आडताल (पुणे)
‘पेनफुल’ दोनदा ऐकला. दुसरं ‘बिग डे कमिंग’ आलं तेव्हा आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “काय जळतंय का रे?” दादा, डिसेंबरात एडिसनला मावशीकडे येतोय. ऐकायला मिळतील का?

पाथवाला (जर्सी सिटी)
हनुक्का या ज्यूंच्या सणाच्या आठही रात्री ते वाजवतात, ते बघ. २००१ला मॅक्सवेल्सच्या मागच्या छोट्या खोलीत सुरू केलं, दर रात्रीची कमाई वेगळ्या संस्थेला. २०१३ला मॅक्सवेल्स बंद पडलं. २०१७पासून मॅनहॅटनच्या बावरी बॉलरूममध्ये. हनुक्काची तारीख दरवर्षी हलते, २०२४ला पार २५ डिसेंबरला सुरू झाला होता, म्हणून विमानाचं तिकीट काढायच्या आधी कॅलेंडर बघ. आणि वेळेवर पोच. त्यांच्याआधी दुसरं कोण वाजवणार ते जाहीर करत नाहीत, नंतर हळहळत बसशील. एडिसनहून एनजे ट्रान्झिटच्या ट्रेनने न्यूयॉर्कचं पेन स्टेशन. मावशीला सांगून ठेव, परतायला उशीर होईल.