अप्रेंटिस का ट्रेनी, ते आधी विचारा

एकजण म्हणायलेत की संभाजीनगरच्या वाळूज एमआयडीसीतल्या कंपन्यांत इंटरव्ह्यू नुसता नावाला, घ्यायचं कोणाला ते आधीच ठरलेलं. अर्धंच पटतं राव. मी बीडहून तिथल्याच चिकलठाणा एमआयडीसीतल्या एका कंपनीत गेलो, तिथं व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) हातात देऊन जॉब म्हणजे मशीनवर बनवलेला भाग मोजायला लावला, ड्रॉइंग वाचायला लावलं, म्हणजे टेक्निकल राऊंड एकदम खरा. गडबड एचआरच्या टेबलावर झाली. जाहिरातीत अप्रेंटिस होतं अन् कागद निघाला ठेकेदाराच्या नावाचा, ट्रेनी म्हणून!

अप्रेंटिस अन् ट्रेनी ह्यांतला फरक सांगतो. 1961 च्या अप्रेंटिस कायद्यात लेखी करार होतो, तो सरकारी पोर्टलवर नोंदवावा लागतो, अन् आयटीआयवाल्याला शेवटी परीक्षा पास झाल्यावर राष्ट्रीय सर्टिफिकेट मिळतं. रेल्वेच्या लेव्हल 1 (सगळ्यात खालच्या पदांच्या) भरतीतल्या 20 टक्के जागा मात्र रेल्वेतच अप्रेंटिस केलेल्यांसाठी असतात. ठेकेदाराच्या ट्रेनी लेटरवर असा करार, नोंद, सर्टिफिकेट काहीच नाही. (पर्मनंट करायची सक्ती अप्रेंटिसमधीपण नाही, ती आशा धरू नका.) करार पोर्टलवर नोंदवणार का, असं सरळ विचारायचं. मला "आधी जॉइन तर व्हा, नंतर बघू" म्हणाले, मी सही केली नाही.