रात्रीचं शास्त्रीय प्रसारण आणि टिनाच्या सभामंडपातली मैफल (दारव्हा भाग)

अडाणकाठ (प्रश्न)
यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातलं गाव. भजनी मंडळातले पंधरा-वीस जण शनिवारी रात्री देवळात बसून आकाशवाणीवरचं शास्त्रीय गाणं ऐकायचं म्हणतात. मिडियम वेव्हवर नागपूर दिवसा बरं लागते, दिवेलागणीनंतर नुसती घरघर. मोबाइलला रेंज कधी आहे, कधी नाही. दुसरं म्हणजे, याच सभामंडपात रामनवमीच्या सुमारास एक गायनाची मैफल घ्यायची आहे. दीडशे लोक, वर टिन, तीन बाजू उघड्या, खाली फरशी. पेटी-तबला गावात आहे, तानपुरा नाही. साउंडवाला लग्न-वरातीचा. दोन्हीबद्दल नेमकं सांगा.

फेराइट_दांडी
भाऊ, घरघर दोन प्रकारची असते आणि इलाजही वेगवेगळे. रेडिओ सेलवर चालवा, 585 किलोहर्ट्झवर लावा आणि देवळाचं मेन स्विच पाडा. घरघर गेली तर चोर घरातलाच: एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, देवापुढची लुकलुकती माळ. मग एकेक चालू करत जा म्हणजे सापडेल. दिवेलागणीलाच सुरू होते म्हणता, म्हणजे पहिला संशय दिव्यांवर. सौर पंपाचा कंट्रोलरही असाच त्रास देतो, पण तो रात्री बंद असतो. मेन पाडूनही घरघर तशीच राहिली तर खांबावरचा ढिला जोड किंवा शेजाऱ्याचं काही.

नंतर रेडिओ फिरवून पाहा. आत फेराइटची काळी दांडी आडवी असते. दांडीची लांब बाजू केंद्राकडे असली की आवाज सर्वांत जास्त, टोक केंद्राकडे गेलं की सर्वांत कमी. तुमच्याकडून नागपूर ईशान्येला, म्हणजे दांडी वायव्य-आग्नेय ठेवा. पण बरेचदा उलटी युक्ती जास्त कामाची ठरते: दांडीचं टोक घरघर करणाऱ्या वस्तूकडे करा. केंद्र थोडं कमी होते, घरघर मात्र बुडते.

दुसरी घरघर आभाळातली. सूर्य मावळला की मिडियम वेव्हच्या लहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परत खाली येतात आणि दूरदूरची केंद्रं एकमेकांवर चढतात. आवाज वरखाली होतो, मागे शिट्टी येते. लांब एरियल टाकून उपयोग नाही, ते हवं-नको दोन्ही केंद्रं वाढवते. त्यात चैत्रातल्या विजांचा कडकडाट. शिवाय मिडियम वेव्हवर साडेचार किलोहर्ट्झच्या वरचं जवळपास सगळं कापलं जाते, म्हणून तानपुऱ्याची जवारी (तारेचा गुंजता झणकार) ऐकूच येत नाही. सकाळ-दुपारच्या प्रसारणाला 585 ठेवा, रात्रीसाठी मिडियम वेव्हच्या मागे लागू नका.

एलएनबी_वाला
रात्रीसाठी आकाशवाणीचं ‘रागम’. 26 जानेवारी 2016 पासून चालू आहे, 24 तास फक्त शास्त्रीय. हिंदुस्तानी आणि कर्नाटक दोन्ही असते, तेव्हा वेळापत्रक पाहून बसा. डीडी फ्री डिशवर मिळते, महिन्याचा खर्च नाही. उपग्रह 93.5 अंश पूर्वेला आहे, म्हणजे तुमच्या गावातून छत्री (डिश) आग्नेयेकडे आणि साधारण 60 अंश वर. त्या रेषेत पिंपळाची फांदी येत असेल तर जागा बदला, पानं ओली झाली की सिग्नल पडतो. जोराच्या पावसातही पडेल, त्याला इलाज नाही.

रिमोटवर टीव्ही/रेडिओचं बटण असते, ते दाबून रेडिओच्या यादीत शोधा. बॉक्सच्या मागची लाल आणि पांढरी पिन ॲम्प्लिफायरच्या ऑक्समध्ये (बाहेरचा आवाज आत घ्यायची जागा), पिवळी सोडून द्या (ती चित्राची). चॅनेल लागलं की टीव्ही बंद केला तरी चालते. वीस जणांना दोन साधे स्पीकर पुरतात.

मोबाइलवर न्यूजऑनएअर ॲप आहे. 64 केबीपीएसचा प्रवाह धरला तर तासाला सुमारे 29 एमबी लागतात. ॲम्प्लिफायरला जोडलेला मोबाइल चार्जिंगला लावू नका, गुणगुण येते ती तिथूनच.

1952 पासूनचा राष्ट्रीय संगीत कार्यक्रम आणि 1954 पासूनचं आकाशवाणी संगीत संमेलन, ही दोन नावं वेळापत्रकात दिसली की सोडू नका. संमेलनातलं गाणं श्रोत्यांसमोरचं असते, त्यामुळे मैफल कशी चढते ते मंडळाला ऐकूनच कळेल.

अडाणकाठ
रागमचं समजलं, दिवेही तपासतो. आता मैफलीचं सांगा. गावात चार कुलर आहेत, ते लावायचे का?

खर्जातला_सा
लावा, पण गाणं सुरू होईपर्यंतच. मोटरचा आवाज माइकात जातो ते एक. मोठी अडचण तबल्याची. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात चामडं ताणून सूर चढतो, कुलरची ओली हवा लागली की उतरतो. अर्धा तास कुलरसमोर ठेवलेला तबला गाण्याच्या मधोमध हातोडी मागतो. गजऱ्यावर (तबल्याच्या तोंडाभोवतीची चामड्याची वेणी) वरून ठोकलं की चढेल, खालून ठोकलं की उतरेल, हे तबलजीला सांगायला नको. पण तबला मंडपात तासभर आधी आणून ठेवायला सांगा. पंखाही थेट तबल्यावर नको.

कलाकार ठरला त्याच दिवशी पट्टी, म्हणजे त्याचा सा पेटीच्या कोणत्या पट्टीवर येतो, ते विचारून घ्या. पुरुष बहुधा काळी एक ते पांढरी दोन, बाया काळी चार-पाच. गावातला तबला काळी एकचा असेल आणि गाणाऱ्या ताई काळी चारच्या असतील, तर तोच तबला मध्यमात (म स्वरात) लागतो, कारण काळी चारचा मध्यम म्हणजे काळी एक. रागात शुद्ध मध्यम नसेल तर मात्र अडेल (यमन गायला घेतला की झालंच). तेव्हा मोठ्या तोंडाचा तबला मागवावा लागेल.

तानपुऱ्याला इलेक्ट्रॉनिक यंत्र किंवा ॲप चालेल, पण आधी पेटीशी जुळवा. जुनी पेटी बरोब्बर 440 हर्ट्झच्या ठरलेल्या मापाला क्वचित असते. पेटीची गाणाऱ्याची पट्टी दाबून धरा आणि ॲपचा बारीक सूर काही सेंट (सुरातल्या अगदी बारीक फरकाचं माप) वरखाली करत थरथर थांबेपर्यंत आणा. पेटी हलत नाही, तानपुरा हलवायचा. पहिली तार यमनला पंचम, मालकंस-बागेश्रीला मध्यम, मारवा-पुरियाला निषाद. (पेटीवर आकाशवाणीत 1940 पासून तीस वर्षं बंदी होती. गावात तिच्यावाचून भागत नाही.)

वेळ. ध्वनिप्रदूषण नियम 2000 प्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर बंद. तीन बाजू उघड्या असलेला मंडप बंदिस्त धरत नाहीत, आणि 10 च्या आतल्या वेळेलाही पोलीस स्टेशनची लेखी परवानगी लागतेच. सातला सुरू केलं तर यमन, मग बागेश्री, शेवटी अभंग आणि पावणेदहाला भैरवी. दरबारी (रात्री उशिराचा राग) हवा असेल तर तो दहानंतर, बिनमाइकचा.

आणि एक, रुचेल न रुचेल: ख्यालाच्या आधी खंजिरी भजन ठेवू नका. भजन उत्तमच, पण तितक्या आवाजानंतर विलंबित लय कानात उतरायला फार वेळ जातो. भजन नंतर घ्या, किंवा सकाळी.

शनिवारच्या बैठकीत गायक वसंतराव देशपांडे जरूर ऐकवा. जन्म मूर्तिजापूरचा, शकुंतला रेल्वे तुमच्या दारव्ह्याहून तिथेच जायची. नाट्यसंगीताला सरावलेला कान त्यांच्या गाण्यातून ख्यालाकडे सहज वळतो.

मिक्सरमागे
साउंडवाल्याला पहिलं सांगा की सब-वूफर गाडीतून उतरवूच नको. दुसरं, इको बंद. टिन आणि फरशी दोघं मिळून भरपूर इको देतात. मंडपवाल्याकडून टिनाच्या हातभर खाली कापडी सिलिंग बांधून घ्या, खाली सतरंज्या. रिकाम्या मंडपात आवाज घुमेल, म्हणून घाबरू नका. दीडशे माणसं बसली की बराच शोषला जातो.

माइक पाच: गाणारा, पेटी, दाया, डग्गा, तानपुरा. गाण्याच्या आणि पेटीच्या माइकला 80 ते 100 हर्ट्झखाली कट, डग्ग्याला नाही. स्पीकर मंचाच्या रेषेच्या पुढे आणि थोडे खाली वाकवून, टिनाकडे तोंड नको. मागच्यांसाठी आवाज वाढवण्याऐवजी मंडपाच्या मध्यावर एक छोटी जोडी लावा. मंचावर एकच मॉनिटर (कलाकारांकडे तोंड केलेला स्पीकर), त्यात तानपुरा आणि पेटी. शिट्टी येईपर्यंत आवाज वाढवा, तिथून चांगला पाच-सहा डेसिबल खाली घ्या आणि मग कोणी कितीही ओरडलं तरी वर नेऊ नका.

मिक्सर, ॲम्प्लिफायर, तानपुऱ्याचं यंत्र, सगळ्यांना वीज एकाच पॉइंटवरून. वेगवेगळ्या बोर्डांवरून घेतली की हम (गुणगुण) येते, मग साउंडवाला अर्थिंगची पिन काढून टाकतो. ते करू देऊ नका, ओल्या फरशीवर जीवावर बेतते. इन्व्हर्टर स्वस्तातला चौकोनी वेव्हचा असेल तर त्याचीही हम येते. वीज गेली तर जनरेटर बरा, पण देवळाच्या भिंतीपलीकडे, निदान चाळीस-पन्नास मीटरवर. तेवढी केबल साउंडवाल्याकडे नसते, म्हणून इसार देतानाच केबलची लांबी कागदावर लिहून घ्या.