बांबोळीच्या सरकारी मनोरुग्णालयात जाण्याआधी देवाकडून घेतलेल्या कौलाबद्दल डॉक्टरांनी विचारावं का?

सत्तरीचा भाचा: नात्यातल्या एकाला घेऊन मानसोपचाराच्या ओपीडीत गेलो होतो. काकू सांगू लागल्या, देवळात कौल लावला (मूर्तीला चिकटवलेली पाकळी कुठल्या बाजूनं पडते त्यावरून देवाचं उत्तर), डावी पाकळी पडली, म्हणून घाड्याकडून, म्हणजे देवस्कीवाल्याकडून, गाराणं (देवाला साकडं) घातलं. डॉक्टर कागदावरून मान वर न करता म्हणाले, "ते राहू दे, झोप किती लागते?" त्यानंतर काकूंनी तोंड उघडलं नाही. गोळ्या कपाटात पडून आहेत. लग्न, विहीर, सगळं ज्या घरात कौल लावून ठरतं, तिथे तो विषयच उडवून लावला तर माणूस मोकळा होणार कसा? पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियाचा पुतळा आहे. कांदोळीचा हा पाद्री दोनशे वर्षांमागे पॅरिसमध्ये सांगत होता की संमोहनातली शक्ती करणाऱ्याकडे नसते, समोरच्याच्या मनात असते. आमच्या ओपीडीपर्यंत ते अजून पोचायचंय.

फोंड्याची सून: पुतळा राहू दे. कौल, मग घाडी, मग दुसरा घाडी, यात स्किझोफ्रेनियाच्या पोराचं वर्ष जातं. उपचार जितके उशिरा, तितकं पूर्ववत होणं कठीण. एरवाडी आठवते का? तमिळनाडूत दर्ग्याजवळच्या आश्रमात ६ ऑगस्ट २००१ ला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेली २८ माणसं जळून गेली. श्रद्धेनंच नेऊन ठेवलं होतं त्यांना. डॉक्टरनं कौलाला मान डोलावली की घरचे म्हणणार, बघा, डॉक्टरपण मानतात.

सत्तरीचा भाचा: वहिनी, मान डोलवा असं कुठे म्हटलं? विचारा, एवढंच. गुजरातेत उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात 'दवा-दुआ' चालवलं गेलं: दुआ मुजावरांची (दर्ग्याच्या सेवेकऱ्यांची), औषध डॉक्टरांचं, आणि पेशंटला दवाखान्याकडे पाठवणारे मुजावरच.

बायणेकर: तुमचा गोवा देवळाच्या पायऱ्यांवरच संपतो वाटतं. माझे ख्रिस्ती शेजारी आधी पाद्रीकडे जातात. आणि बांधकामावरची कन्नड बाई? तिच्यासाठी ओपीडीत दुभाषा म्हणून उभा असतो तिचाच शाळकरी मुलगा. जीव द्यावासा वाटतो हे त्याच्या तोंडून सांगेल ती? कौलावर भांडताय, इथे साधं बोलणंच पोचत नाही. मानसिक त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनवर, टेलिमानसच्या १४४१६ वर, भाषा निवडता येते, पण तो नंबर तिला सांगणार कोण?

म्हादईकाठ: गोव्यातलाच पुरावा घ्या. 'संगत' या संस्थेचा 'मानस' प्रयोग, २०१० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. नैराश्य-चिंतेच्या पेशंटशी बोलायला डॉक्टर नव्हे, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक महिला नेमल्या. सरकारी आरोग्य केंद्रांत सहा महिन्यांनी ६५.९ टक्के बरे झाले, नेहमीच्या उपचारांत ४२.५. आपल्यासारखं बोलणारं माणूस समोर असलं की फरक पडतो.

फोंड्याची सून: अर्धंच सांगितलंत. खासगी दवाखान्यांत त्याच प्रयोगाचा म्हणावा तसा परिणाम दिसला नाही. आणि त्या महिला ठरलेल्या पद्धतीनं काम करत होत्या, अवघड केस मानसोपचारतज्ज्ञाकडे जात होती. श्रेय प्रशिक्षणाचं की आपलेपणाचं, ते तुम्ही परस्पर ठरवून टाकलंत. आमच्या शेजारच्या घाड्याला कोण शिकवतंय?

म्हादईकाठ: दोन्हींचं असेल. पण त्याच बाईला बायण्याला कन्नड बोलायला लावलं असतं तर आकडा तोच आला असता?

बायणेकर: हे आधी कोणाच्या लक्षात आलं नाही ना! समुपदेशक नेमताना कन्नड येणारी एक तरी घ्या. कौलाचं त्यानंतर बघू.

सत्तरीचा भाचा: त्यानंतर का? पहिल्या भेटीच्या कागदावर एकच ओळ वाढवा: 'इथे येण्याआधी कुठे कुठे गेलात?' देऊळ, चर्च, दर्गा, फार्मसी, सगळं त्यात आलं.

फोंड्याची सून: ओळ चालेल. पण उत्तरात घाडी आला, तर त्यानं दिलेला पाला पोटात गेलाय का आणि पोराला बांधून ठेवलं होतं का, हेही तिथेच विचारायचं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं साखळी बेकायदा आहे. तेवढं विचारलं तर काकू पुन्हा गप्प बसतील, त्याचं काय करणार?

सत्तरीचा भाचा: पाल्याचं विचारलं तर सांगतील. साखळीचं पहिल्याच भेटीत नको.

फोंड्याची सून: पहिल्याच भेटीत. दुसऱ्या भेटीला येतं कोण?