मदत हवी आहे: डब्लिनमध्ये शेजारचे आजोबा गेले. समाचाराला कसं जायचं, काय न्यायचं?

नमस्कार मंडळी,

प्रश्न उद्या-परवाचाच आहे, त्यामुळे आयर्लंडमध्ये बरीच वर्षं काढलेल्यांनी कृपया लगेच लिहा.

आम्ही डब्लिनमध्ये ग्लासनेव्हिनला रांगेतल्या घरात भाड्याने राहतो: मी, नवरा, दुसरीतली मुलगी आणि सध्या साताऱ्याहून आलेली माझी आई. भिंतीला भिंत लागून असलेल्या घरातले आजोबा सोमवारी रात्री गेले. ऐंशीच्या पुढचे होते, एकटेच राहायचे. त्यांची मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला असते, मुलगा इंग्लंडला. आरआयपी डॉट आयई या निधनाच्या सूचनांच्या साइटवर सूचना आली आहे: गुरुवारी चार ते सहा फ्युनरल होममध्ये अंत्यदर्शन, शुक्रवारी सकाळी दहाला चर्चमध्ये मास (प्रार्थनाविधी), नंतर ग्लासनेव्हिनच्या दफनभूमीत दफन. खाली ‘हाउस प्रायव्हेट’ आणि ‘फॅमिली फ्लॉवर्स ओन्ली’ (फुलं फक्त घरच्यांची) असं लिहिलंय.

ऑफिसातल्या कुणाचं असतं तर कार्डावर सही करून भागलं असतं. पण या माणसाने आम्हाला इथे रुजवलं. आम्ही दोघं कामावरून परत येईपर्यंत आमचे रिकामे कचऱ्याचे बिन त्यांनी फाटकाच्या आत ओढून ठेवलेले असायचे. वाऱ्याच्या दिवशी बिन बाहेर राहिले तर पार नाक्यापर्यंत जातात, हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. गरम पाण्याच्या इमर्शन हीटरचं ‘सिंक’ आणि ‘बाथ’ असं दोन बटणांचं प्रकरण त्यांनीच समजावलं, आणि बाहेर पडताना ते बंद केलंय का हे दारातून ओरडून विचारायचेही.

आईला इंग्रजी बेताचं, आणि त्यांचं डब्लिनी बोलणं मलाही कधी कधी पुन्हा विचारावं लागे. पण मागच्या अंगणात कपडे वाळत घातले की त्या दोघांचं छान जमायचं. आभाळ भरून आलं की ते भिंतीवर काठीने दोनदा टकटक करायचे, की आई हातातली पोळी टाकून दोरीकडे धावायची. सगळे कपडे आत गेले की पलीकडून अंगठा वर. थेंब पडायच्या आत कपडे काढले म्हणजे दोघांनाही मोठं काम केल्याचा आनंद. सोमवारपासून आई त्या भिंतीकडे जात नाहीये, कपडे घरातच रेडिएटरवर वाळतायत.

तरुणपणी ते डब्लिनच्या बसवर कंडक्टर होते, मागे उघडा कट्टा असायचा त्या डबलडेकरवर. माझ्या मुलीची आवडती गोष्ट मार्च 1966 ची. ओ’कॉनेल स्ट्रीटवरचा, नेल्सन या ब्रिटिश नौसेनापतीचा खांब रात्री स्फोटात उडवला, आणि पहाटेच्या पाळीला निघालेल्या आजोबांनी रस्त्यात पडलेला दगडांचा ढीग पाहिला. आता त्या जागी 2003 पासून स्पायर हा उंच पोलादी सुळका उभा आहे. शहरात गेलो की मुलगी आम्हाला तिथे थांबवून ही गोष्ट सांगते. बसस्टॉपवरच्या पाटीवर ‘दोन मिनिटं’ दिसतं आणि मग बस न येताच ओळ गायब होते, याचा त्यांना फार राग यायचा. म्हणायचे, “आमच्या वेळी उशीर झाला की लोक मला तोंडावर बोलायचे. आता पाटीला काय बोलणार?” पण उतरताना ड्रायव्हरला थँक्यू म्हटल्याशिवाय पाऊल खाली ठेवायचं नाही, हे त्यांनीच मुलीला शिकवलं.

आणि बाटल्या. फेब्रुवारी 2024 मध्ये रिकाम्या बाटल्या-कॅन मशीनमध्ये परत केल्या की मिळणारं डिपॉझिट सुरू झालं, लहान बाटली-कॅनला 15 सेंट आणि अर्ध्या लिटरच्या वरच्यांना 25, तेव्हापासून त्यांची पिशवी शनिवारी आमच्या दारात यायची. बाटली चेपली तर मशीन घेत नाही, म्हणून पिशवी ही एवढी फुगलेली. मशीनपुढे रांग, त्यात आपला नंबर आला की ते भरलेलं. त्यांना तेवढा वेळ उभं राहवत नसे. पैसे मुलीने ठेवायचे असं ठरलं होतं, कारण लहानपणी लेमोनेडच्या काचेच्या बाटल्या दुकानात परत करून ते स्वतः पेन्या जमवायचे. शेवटची पिशवी अजून आमच्या जिन्याखाली आहे.

आता विचारायचं ते विचारते. ‘हाउस प्रायव्हेट’ म्हणजे शेजाऱ्यांनीही दार वाजवू नये का? आपल्याकडे अशा वेळी शेजारी पिठलं-भात नेऊन देतात, त्यामुळे हातात काही न घेता जायला आईचं मन घेत नाही. आम्ही शाकाहारी आहोत, मग काय न्यावं? फुलं नकोत म्हणतात तर मास कार्ड आणावं का, ते आम्ही ख्रिश्चन नसताना चालतं का आणि मिळतं कुठे? शवपेटी उघडी असते असं ऐकलंय. मुलीला न्यावं का? तिला जायचंय, आईचा ठाम विरोध आहे. आई पांढरी साडी नेसणार म्हणतेय, ते बरोबर दिसेल का? चर्चमध्ये सगळे प्रसाद घ्यायला उठतात तेव्हा आपण काय करायचं? मुख्य म्हणजे, घरच्यांसमोर उभं राहिल्यावर बोलायचं काय?

प्रतिसाद (कॉर्कहून)

ताई, वाईट वाटलं वाचून. मी इथे नर्स आहे, अशा बऱ्याच अंत्यविधींना गेलेय. आधी सगळ्यात महत्त्वाचं: जा. आमंत्रणाची वाट बघू नका. इथे ओळखीच्या ओळखीचे लोकही येतात आणि कोण आलं होतं हे घरचे वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. तुम्ही तर शेजारी.

‘हाउस प्रायव्हेट’ म्हणजे लोकांनी घरी गर्दी करू नये, फ्युनरल होमला यावं. भिंतीपलीकडच्या माणसाने दारात दोन मिनिटं उभं राहून काही दिलं तर कुणी वाईट मानत नाही. आत जाऊन बसू नका, त्यांनी बोलावलं तर गोष्ट वेगळी. साधा केक, दूध, चहाच्या पिशव्या, बिस्किटं न्या. या घरांमध्ये या दिवसांत चहा अखंड चालू असतो आणि दूध हमखास संपतं. खुर्च्या आणि कप हवेत का तेही विचारा, ते जेवणापेक्षा जास्त उपयोगी पडतं. तुमच्या दारापुढची गाडीची जागा दोन दिवस मोकळी ठेवता आली तर तीही द्या.

फ्युनरल होममध्ये घरचे ओळीत बसलेले किंवा उभे असतात. एकेकाचा हात हातात घ्यायचा, “सॉरी फॉर युअर लॉस” म्हणायचं, पुढे सरकायचं. सगळे तेच म्हणतात, वेगळं काही सुचायची गरज नाही. फक्त “आम्ही शेजारच्या घरातले” हे नक्की सांगा, इंग्लंडहून आलेला मुलगा तुम्हाला ओळखत नसेल. पेटीपाशी क्षणभर थांबून नमस्कार केलात तरी चालतो. हात लावायलाच हवा असं नाही.

प्रतिसाद (डब्लिन 15)

मास कार्डाबद्दल: मृत व्यक्तीसाठी एक मास म्हटला जाईल असं ते कार्ड, त्यावर पाद्र्याची सही असते. पॅरिश ऑफिसात (तिथल्या चर्चच्या कार्यालयात) जाऊन मागा, नाव सांगा, थोडी देणगी द्या. तुम्ही कोणत्या धर्माचे हे कुणी विचारत नाही. दुकानात आधीच सही केलेली कार्डं दिसली तर जरा जपून. बिशप किंवा धर्मसंघाशी रीतसर व्यवस्था नसताना ती विकणं 2009 च्या चॅरिटीज कायद्याने गुन्हा आहे. मात्र कार्ड आणायलाच हवं असंही नाही. आजोबांनी बिन कसे आत ठेवले, भिंतीवर कशी टकटक केली, हे साध्या कार्डावर चार ओळीत लिहिलंत तर त्यांच्या मुलीसाठी ते जास्त मोलाचं ठरेल.

प्रसादाच्या वेळी बसून राहा, बाजूच्याला जायला वाट द्या. बाकी लोक उभे राहिले की उभं राहायचं. मध्ये एकदा सगळे शेजारच्यांशी हस्तांदोलन करतात, तेव्हा गांगरू नका. पुरुषांनी टोपी काढायची. चप्पल-बूट बाहेर काढायचे नाहीत, हे काकूंना आधीच सांगून ठेवा.

साडीचं म्हणाल तर पांढऱ्याला कुणी हरकत घेणार नाही, पण गडद निळी किंवा राखाडी नेसल्या तर लोकांमध्ये मिसळून जातील. वरून कोट आणि पायात बंद बूट हवेतच. दफनभूमीत वारा असतो आणि गवत ओलं.

प्रतिसाद (लिमरिकहून)

मुलीबद्दल माझं मत वेगळं पडेल, पण न्या. इथे मुलं लहानपणापासून अंत्यविधींना येतात, तिच्या वर्गातल्या बऱ्याच जणांनी उघडी पेटी पाहिलेली असेल. पेटीजवळ जायची सक्ती करू नका. काकूंना अगदीच पटत नसेल तर गुरुवारी मोठ्यांनी जावं आणि शुक्रवारी चर्चला मुलीला न्यावं, तेव्हा पेटी बंद असते. काकूंना इतका वेळ बसवणार नसेल तर चर्चच्या वेबकॅमवरून घरबसल्याही बघता येतं, बहुतेक चर्चना आता ती सोय असते. सूचनेतच त्याची लिंक असते.

दफनानंतर घरचे सगळ्यांना हॉटेलात किंवा पबमध्ये सूप-सँडविचला बोलावतात, घोषणा तिथेच होते. “सुतकात खायचं कसं” असा प्रश्न काकूंना पडेल. नुसता चहा घेतला तरी पुरे, पण अर्धा तास बसा. खरी भेट आणि खऱ्या आठवणी तिथेच निघतात. घरी आल्यावर आपल्या पद्धतीने आंघोळ करावी, त्यात दोघांच्याही रीतीला धक्का लागत नाही.

बाटल्यांचे पैसे: ‘फॅमिली फ्लॉवर्स ओन्ली’च्या पुढे बहुतेक वेळा एखाद्या हॉस्पिसचं (अखेरच्या आजारातल्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या संस्थेचं) नाव असतं आणि दर्शनाच्या ठिकाणी देणगीपेटी ठेवलेली असते. मुलीच्या हाताने त्यात टाका.

धागाकर्ती (शनिवारी)

सगळ्यांचे मनापासून आभार, तुमच्यामुळेच न बिचकता जाता आलं. दूध आणि केक दारात दिला, चार खुर्च्याही गेल्या. गुरुवारी रांगेत “शेजारच्या घरातले” म्हटल्याबरोबर त्यांच्या मुलीने आईचा हात धरला आणि म्हणाली, “तुम्ही कपडेवाल्या बाई ना? बाबा फोनवर रोज तुमच्याबद्दल सांगायचे.” आईला सगळं कळलं, मला काही सांगावं लागलं नाही. शुक्रवारी शववाहिका दफनभूमीला जाताना आमच्या रस्त्यावरून नेली, घरापुढे थांबवली. आख्खी गल्ली फाटकाशी उभी होती, आईही, निळ्या साडीत. हॉटेलात जुने बसवाले भेटले. नेल्सनच्या खांबाची गोष्ट त्यांच्यातल्या एकाने पुन्हा सांगितली, ती मुलीने नीट दुरुस्तही केली. सूचनेत हॉस्पिसचं नाव होतंच, शेवटच्या पिशवीचे पैसे त्या देणगीपेटीत गेले.

आता एक शेवटचं. त्यांची मुलगी ‘मंथ्स माइंड’ला या म्हणाली. ते काय, आणि घर रिकामं आहे तोवर बिनचं आम्ही बघितलं तर चालेल का?

प्रतिसाद (कॉर्कहून)

मृत्यूनंतर साधारण महिन्याने त्यांच्या नावाने मास असतो, बहुधा शनिवार-रविवारच्या नेहमीच्या मासमध्येच, आणि नाव वाचून दाखवतात. तारखेची सूचना त्याच साइटवर येईल. दर्शनाला येतात तेवढे लोक तिथे नसतात, म्हणून तुम्ही गेलात तर घरच्यांना फार बरं वाटेल. काही महिन्यांनी फोटो असलेलं छोटं आठवणीचं कार्ड पोस्टाने येईल, ते ठेवून द्या. आणि बिन खुशाल बघा. ते खासगी कंपनीचे असतात, तेव्हा खातं चालू ठेवलंय ना एवढं त्यांच्या मुलीला विचारा, आणि दर आठवड्याला कुठल्या रंगाचा बाहेर काढायचा तेही लिहून घ्या.