कपॅसिटन्सला 'क्षमता' म्हणावं की 'धारकता'?

खानापूर, शिक्षिका: दहावीपर्यंत मराठीत शिकून पीयूसीला (कर्नाटकातली अकरावी-बारावी) इंग्रजीत अडकणाऱ्या मुलांसाठी टिपणं लिहितेय. कपॅसिटन्सला 'क्षमता' लिहिलं, तर सहकारी म्हणतात 'धारकता'च हवं. मुलांना क्षमता कळते, धारकता घोकावी लागते.

टिळकवाडी, निवृत्त प्राध्यापक: बाई, तिथंच घोळ होतो. क्षमता म्हटलं की मुलं विचारणार, किती मावतं? पण धारकता म्हणजे दर व्होल्टला साठणारा प्रभार, म्हणजे चार्ज. १०० मायक्रोफॅरड धारकतेच्या कपॅसिटरला ५ व्होल्ट दिलेत तर ५०० मायक्रोकूलोम प्रभार साठतो, १० दिलेत तर १०००. प्रभार दुप्पट झाला, धारकता तेवढीच. ती ठरते कपॅसिटरच्या आतल्या पट्ट्यांचं क्षेत्रफळ, त्यांच्यातलं अंतर आणि मधला पदार्थ यांवर. किती व्होल्ट सोसेल हे वेगळं, ते डब्यावर छापलेलं असतं.

उद्यमबाग, मोटार वाइंडिंग: आमच्याकडं कपॅसिटरला धारित्र कोण म्हणत नाही वो, कंडेन्सर. 'अडीचचा द्या' म्हटलं की फॅनचा मिळतो. परवा एक फॅन रखडत फिरत होता. कंडेन्सर वरून नवाकोरा, फुगलेला नाही, मीटरवर मात्र २.५ मायक्रोफॅरडच्या जागी १.४. लाईनला २३० व्होल्ट येतच होते. पण कंडेन्सरच उतरला, मग चार्ज कमी, आणि त्या वाइंडिंगला करंटही कमी.

निपाणी: कंडेन्सर वाफेचा द्रव करतो. फ्रिजच्या मागं असतो तो. शास्त्रात असली सरमिसळ नको.

टिळकवाडी: सरमिसळ कसली? व्होल्टानं १७८२ मध्ये आपल्या उपकरणाला हेच नाव दिलं होतं. वीज दाटवणारं, या अर्थानं.

निपाणी: मग बरोबर झालं का ते? आपलं 'धारित्र' असताना परक्याचं कशाला?

खानापूर: आणि चार्जला 'भार' लिहू की 'प्रभार'? भार म्हटलं की मुलांना भारनियमन आठवतं.

चंदगड: प्रभारच लिहा. व्होल्टेजला मात्र 'दाब'. महावितरण 'उच्चदाब', 'लघुदाब' म्हणतेच की. विभवांतर घरात कोण बोलतं?

टिळकवाडी: दाब चालणार नाही, हवेच्या दाबाच्या धड्याशी गल्लत होते.

उद्यमबाग: दाब कळतो ओ सगळ्यांना. आमच्या गावात तर वीज गेली तरी 'करंट गेलं' म्हणतात.

चंदगड: आमच्यात 'लाईट गेली'. पण 'करंट गेलं' कसं? करंट पुल्लिंगी, 'गेला' हवं.

उद्यमबाग: बेळगावात येऊन ऐका. 'गेलं'च म्हणतात.

निपाणी: आमच्यात 'गेला'.