विश्रांतीनंतरची पहिली पेलेट वर जाते: १० मीटर एअर रायफलचा रेग्युलेटर चढतोय का?

गोदाकाठ_नांदेड

मॅच एअर रायफल, २०० बारचा हवेचा सिलिंडर, पेलेट (शिशाची छोटी गोळी) ४.५० मिमी हेडची, वजन ०.५३ ग्रॅम. मिनिटाला एक या चालीनं मारत राहिलं की गट मधोमध पडतो. मध्ये थांबलं की पुढची पहिली पेलेट हमखास बारा वाजता, म्हणजे मध्याच्या सरळ वर, १०.२-१०.३ गुणांना. त्यानंतरच्या परत जागेवर. माणसाचा दोष वगळायला रायफल टेकूवर ठेवून क्रोनोग्राफवर (पेलेटचा वेग मोजणारं यंत्र) मारली:

सलग १०: १७१.४ ते १७२.९ मी/से
२५ मिनिटं थांबून: १८०.६, १७३.१, १७२.२, १७२.५

सिलिंडरमध्ये १६० बार होते आणि मॅनोमीटरचा (दाबमापकाचा) काटा विश्रांतीत हलला नाही. जूनपासून सिलिंडर हातपंपानं भरतोय. रेंजवर एकानं सुचवलं, रेग्युलेटरचा स्क्रू पाव आटा सैल कर, वेग खाली येईल. करू का? की आधी पेलेटचा डबा बदलून बघू?

ओरिंग_लातूर

स्क्रूला हात लावू नका. तुमचा नेहमीचा वेग बरोबर आहे, बिघडलाय तो फक्त थांबल्यानंतरचा. स्क्रू सैल केला तर चांगल्या ५९ पेलेट मंद होतील आणि वाईट एक तशीच वर जाईल.

रेग्युलेटरचं काम एवढंच: सिलिंडरमध्ये २०० असोत की १००, पुढच्या छोट्या कप्प्यात एकच ठरलेला दाब द्यायचा. समजा ७० बार. कप्प्यात ७० झाले की दट्ट्या बशीसारख्या वॉशरांची चळत दाबत सरकतो, त्याचं टोक सीटवर (हवेच्या वाटेच्या तोंडाच्या बैठकीवर) बसतं आणि वाट बंद. सीटवर ओरखडा असला किंवा बारीक कण अडकला तर वाट पूर्ण बंद होत नाही. हवा झिरपत राहते, ७० चे ७५ होतात, ८० होतात. यालाच सगळे क्रीप म्हणतात. मिनिटाला एक पेलेट जात असेल तर झिरपायला वेळच मिळत नाही, म्हणून सलग मारताना रायफल साळसूद वाटते.

मॅनोमीटर हलला नाही यावर जाऊ नका. तो सिलिंडरचा दाब दाखवतो. चढतोय तो रेग्युलेटरच्या पुढचा कप्पा, त्याला काटाच नाही.

आकडेही जुळतात. १७२ ला १० मीटरपर्यंत पेलेट साधारण साडेसतरा मिमी खाली येते, १८१ ला सोळाच्या आसपास. फरक पावणेदोन मिमीच्या घरात. दशांश गुणात ०.१ म्हणजे पाव मिमी, त्यामुळे मधोमध, म्हणजे १०.९ ला, जाणारी पेलेट १०.३ च्या आसपास जाते. डब्याचा दोष असता तर वेग कधीही उडाला असता, तुमच्या चहाची वाट बघत बसला नसता.

एक उलट लक्षणही ध्यानात ठेवा. दाब फारच चढला तर हॅमरला (ट्रिगर ओढल्यावर व्हॉल्व्हवर आदळून हवा सोडणारा भाग) व्हॉल्व्ह पुरता उघडता येत नाही आणि पहिली पेलेट मंद होऊन खाली जाते. अगदी टोकाला नुसतं टिक वाजतं आणि पेलेट नळीतच राहते. तसं झालं तर दुसरी पेलेट भरायची नाही. सिलिंडर काढायचा, अडकलेली पेलेट क्लीनिंग रॉडनं बाहेर काढायची आणि त्या दिवशी थांबायचं.

काळी_माती

ओरिंग यांच्याशी सहमत, पण निदान पक्कं करायला एक चाचणी हवी. थांबल्यानंतरची पहिली पेलेट वेगळी जाण्याला क्रीप हे एकच कारण नसतं. हॅमरवर जाड ग्रीस असेल किंवा व्हॉल्व्हची सीट चिकटत असेल तरी पहिली पेलेट वेगळी जाते, बहुतेकदा मंद.

सुरुवात अशी करा. १० सलग मारा, सिलिंडर जागेवर ठेवून ३० मिनिटं थांबा, मग ५ मारा. हे तुम्ही केलंच आहे. आता दुसऱ्या फेरीत १० मारल्यावर सिलिंडर काढा, पेलेटशिवाय एक-दोनदा सोडून आतली हवा संपवा. नळी रिकामी, तोंड निशाणाकडे, सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याची खूण) लावलेला. ३० मिनिटांनी सिलिंडर बसवा आणि मिनिटाच्या आत ५ मारा. या वेळी पहिली पेलेट १७२ ची आली तर दोष रेग्युलेटरचा, कारण चढायला मागे दाबच नव्हता. तरीही वेगळी आली तर रेग्युलेटर सोडा, हॅमर-व्हॉल्व्हकडे वळा.

तिसरी फेरी सिलिंडर ९० बारवर असताना घ्या, जागेवरच ठेवून. मागचा दाब कमी असला की तीच गळती हळू चढते. पहिल्या पेलेटचा फरक ८ वरून २-३ वर आला तर शंका उरत नाही.

क्रोनोग्राफबद्दल: पत्र्याच्या शेडमध्ये ट्यूबलाइटखाली प्रकाशावर चालणारं यंत्र ठेवलंत तर सेकंदाला १०० वेळा लुकलुकणारा उजेड त्याला फसवतो. बॅटरीवरचा दिवा लावा, नाहीतर इन्फ्रारेड गेटचं यंत्र घ्या. तुमचे सलग १० दीड मी/से मध्ये आहेत म्हणजे यंत्र ठीक दिसतंय, पण बॅटरी उतरली की आधी असल्याच गमती सुरू होतात.

गोदाकाठ_नांदेड

दोन्ही फेऱ्या झाल्या. सिलिंडर काढून ३० मिनिटं: १७२.६, १७१.९, १७२.४, १७२.१, १७२.८. ९० बारवर, सिलिंडर जागेवर ठेवून ३० मिनिटं: १७५.२, १७२.५, १७२.०, १७२.३, १७१.८. म्हणजे रेग्युलेटरच. आता आत काय झालं असेल, आणि घरी किती उघडायचं?

काळी_माती

हातपंप आणि जून, उत्तर तिथंच आहे. ०.२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार म्हणजे बाहेरची ४० लिटर हवा. पावसाळ्यात २८ अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला त्या हवेत जवळजवळ ०.९ ग्रॅम पाणी असतं. मे महिन्यात ४२ अंश आणि १५ टक्क्यांना ०.३५ च्या आसपास. आपल्याकडचा उन्हाळा माणसाला नको होतो, पंपाला मानवतो. इतक्या दाबाखाली वाफ म्हणून फार थोडं टिकतं, बाकीचं पाणी होतं. पंपाच्या खालच्या नळकांड्यात काही अडकतं, उरलेलं सिलिंडरमध्ये जातं. अॅल्युमिनियमला त्याची पांढरी भुकटी धरते आणि फिल्टरमधून निसटलेली भुकटी सीटवर जाऊन बसते.

म्हणून पंप मारताना ४०-५० झटक्यांनी थांबा, पंप गार होऊ द्या, ब्लीड स्क्रू (दाब सोडायचा स्क्रू) उघडून पाणी सोडा. नळीत ड्रायर बसवता आला तर उत्तम. त्यातले सिलिकाचे दाणे निळ्याचे गुलाबी झाले की भाजून वाळवा.

ओरिंग_लातूर

घरी एवढंच करा. रायफल पूर्ण निर्दाब. सिलिंडरच्या जोडावरची ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) काढून भिंगाखाली बघा, चपटी किंवा चिरलेली असेल तर त्याच मापाची नवी घाला आणि सिलिकॉन ग्रीसचं फक्त बोट फिरवा. जोडाजवळ धातूच्या कणांची फिल्टर-चकती असते. तिच्यावर पांढरी भुकटी दिसली तर निदानावर शिक्का बसला. नंतर सिलिंडर बसवून वॉशरांच्या कप्प्याच्या बारीक भोकावर साबणाचा एक थेंब ठेवा. बुडबुडा आला तर दट्ट्याची ओ-रिंगही गेली. ते भोक कधी बुजवायचं नाही, वॉशरांमागे बाहेरचाच दाब राहायला हवा. काही जण 'गळती थांबवायला' तिथं टेप लावतात, मग ठरलेला दाब आणखी वर जातो.

रेग्युलेटर स्वतः खोलू नका. सीटला सुईचा ओरखडा पडला तरी काम वाढतं, आणि वॉशरांची तोंडं कोणती कुणाकडे होती हे विसरलं की दाब वेगळाच बसतो. कंपनीच्या सर्व्हिसला पाठवताना वरच्या तिन्ही फेऱ्यांचे आकडे कागदावर लिहून सोबत द्या. नुसतं 'नेम लागत नाही' लिहिलं तर तिथं सलग १० मारून 'रायफल ठीक आहे' म्हणून परत येते.

आतल्या भागांना पेट्रोलियम तेल किंवा डब्ल्यूडी-४० लावायचं नाही, उच्च दाबाच्या हवेत ते पेटू शकतं. आणि वेल्डिंगवाल्याकडचा किंवा दवाखान्यातला ऑक्सिजन भरायचा नाही, कितीही निकड असली तरी. हवाच.

सावली_बीड

थोडं अवांतर. चाचण्यांच्या दिवशी सिलिंडर गाडीत उन्हात ठेवू नका. २५ अंशाला २०० बार भरलेला सिलिंडर ६० अंशाला सव्वादोनशेच्या जवळ जातो, आणि मग कुठला फरक कशानं पडला ते कळत नाही. सिलिंडरवरची तारीखही वाचून घ्या. मुदत संपलेली असेल तर आधी सिलिंडर बदला, रेग्युलेटर नंतर. स्पर्धेत ती बघण्याची जबाबदारी आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमानुसार खेळाडूचीच असते.

गोदाकाठ_नांदेड

चकतीवर पांढरी भुकटी निघाली. भोकावर बुडबुडा नाही. सिलिंडरची अजून चार वर्षं आहेत. रेग्युलेटर सोमवारी सर्व्हिसला पाठवतोय, आकड्यांचा कागद सोबत.

ओरिंग_लातूर

सिलिंडरही आतून साफ करून घ्या त्याच फेरीत, नाहीतर नव्या सीटवर जुनीच भुकटी. परत आल्यावर पहिल्याच दिवशी ३० मिनिटांची फेरी घ्या. पहिली पेलेट बाकीच्यांच्या २ मी/से च्या आत असेल तरच ताबा घ्या.